परदेश दौरा आणि पोटाचे आरोग्य



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. अलीकडे आपले सभासद शेती पाहण्यासाठी परदेशी जातात. कुणाचा मुलगा, कुणाची लेक नोकरीनिमित्त बाहेर असते, तिकडे आईवडील जातात. काही जण नेपाळ, श्रीलंकेची यात्रा करतात. अशा प्रवासात सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, तर पोटाचा. "ऊस सोडून साहेबांनी हे काय काढलं?" असे कुणी म्हणेल. पण या विषयाचा आपल्या साखरेशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

आधी आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सोळा सभासदांबरोबर थायलंडला ऊसशेती पाहायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी उन्हातून हिंडून आल्यावर रस्त्याकडेच्या गाडीवर सर्वांनी बर्फ घातलेला उसाचा रस घेतला. ऊस पिकवणाऱ्याने परक्या मुलखात जाऊन तिथल्या उसाचा रस चाखला नाही तरच नवल. रात्रीपर्यंत पाच जण आडवे झाले. त्यांत पवन मावळातले साठी ओलांडलेले एक आबा होते. आम्ही विचारपूस करायला गेलो तर म्हणाले, "साहेब, पाणी प्यालं की लगेच जावं लागतं. म्हणून पाणीच बंद केलंय. पोटाला जरा विश्रांती." आम्हीही मान डोलावली आणि झोपायला गेलो. पहाटे आबा मोरीच्या दारात चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेले, सलाईन लागले, दोन दिवस तिथेच गेले. ऊसतोडणी यंत्राचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी त्यांनी एवढा खर्च केला होता, ते हुकलेच. पण खरी लाज वाटण्याची गोष्ट पुढेच आहे. जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, वीस पुड्या आमच्या बॅगेच्या तळाशी पडून होत्या. आम्ही त्या विकत घेतल्या होत्या, पण कुणाला सांगितले नव्हते आणि कशा करायच्या हेही दाखवले नव्हते. एकरी खताची मात्रा तोंडपाठ असलेल्या सभासदाला एक पुडी किती पाण्यात घालायची हे माहीत नव्हते, तर तो दोष त्यांचा नव्हे, आमचा. तो भरून काढण्यासाठी हा धडा.

पाणी 'लागतं' म्हणजे काय?

आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे, "नवं पाणी लागलं", "हवापाणी मानवलं नाही". बाजारातून आणलेला बैल नव्या गावात चार दिवस पातळ शेण टाकतो, तेही आपण पाहतो. त्यामुळे परगावी पोट बिघडायचेच, असे आपण धरून चालतो. यात अर्धेच सत्य आहे. प्रवासातल्या जुलाबांना बहुतेक वेळा जंतू कारणीभूत असतात. माणसाच्या विष्ठेतून ते पाण्यात, हातावर, भाजीवर येतात आणि तिथून तोंडावाटे पोटात जातात. पाणी परके असल्यामुळे कुणी आजारी पडत नाही, ते अस्वच्छ असल्यामुळे पडतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. "आम्ही ओढ्याचं, विहिरीचं पाणी पिऊन वाढलो, आमचं पोट दगडाचं." अहो, इंद्रायणी भात मावळच्या पावसात आणि मावळच्या मातीत जसा येतो तसा दुसरीकडे येतो का? पोटाचेही तसेच. आपल्या गावच्या काही जंतूंची शरीराला ओळख झालेली असते, ती तेवढ्यांपुरतीच. परमुलखातल्या जंतूंपुढे मावळचा गडी आणि मुंबईचा पाहुणा सारखेच. लोणावळ्याला पावसाळ्यात भुशी धरणावर येणारी मंडळी घरी जाऊन पोट धरून बसतात, तेव्हा आपण त्यांना नाजूक म्हणतो. बँकॉकच्या रस्त्यावर आपणही तसेच पाहुणे असतो.

धोका सगळ्या देशांत सारखा नाही. पश्चिम युरोप, अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे तो कमी. आशियातील बहुतेक देश, आफ्रिका, मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिका येथे जास्त. जास्त धोक्याच्या देशांत दोन आठवडे राहिल्यास शंभरातल्या तीस ते सत्तर प्रवाशांना जुलाब होतात, असा अंदाज आहे. म्हणजे सोळा जणांच्या तुकडीत पाच आजारी पडले यात नवल काहीच नव्हते. आम्ही तयारीत नव्हतो, हीच चूक.

आपल्या घाटातला दाखला

परक्या मुलखात पोटाचा आजार काय करू शकतो, याचा मोठा दाखला आपल्या दारातच आहे. खंडाळ्याचा बोरघाट रेल्वेसाठी फोडण्याचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये घाटातून गाडी धावू लागली. 1861 मध्ये एका वेळी 40 हजारांवर मजूर घाटात राबत होते. बहुतेक बाहेरगावचे. डोंगरउतारावर दाटीने झोपड्या, मिळेल तिथले पाणी, शौचाची सोय नाही. पटकीची साथ आली आणि माणसे पटापट गेली. त्या कामावर पटकी, ताप आणि अपघात मिळून हजारो मजूर दगावले. 1859 मध्ये घाटाचे कंत्राट घेऊन आलेले इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हेही आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. पुढे त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट चालवून काम तडीस नेले.

त्या वेळी पटकी पाण्यातून पसरते हे फारसे कुणी मानत नव्हते. दूषित हवेने होते अशी समजूत होती. तिचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो 1883-84 मध्ये, म्हणजे घाटाचे काम संपल्यानंतर वीस वर्षांनी. आज आपल्याला कारण ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहे. तेव्हा आपण गाफील राहिलो तर त्याला सबब नाही.

रोग येण्याआधीची काळजी

बेणेप्रक्रिया आपण लागणीआधी करतो, कांडी कुजल्यावर करत नाही. तसेच हे. नियम चार, आणि चारही सोपे.

1) पाणी. सीलबंद बाटलीचे किंवा उकळलेलेच प्यावे. बाटलीचे सील आपल्यासमोर तुटले पाहिजे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्यावे. दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी, उदाहरणार्थ नेपाळच्या डोंगरात, तीन मिनिटे. दातही त्याच पाण्याने घासावेत. बर्फ टाळावा. बर्फ म्हणजे गोठलेले नळाचे पाणी, थंडीने त्यातले जंतू मरत नाहीत. आमची सोळा माणसे फसली ती बहुधा इथेच. रस ताजा होता, पण बर्फ, पेला आणि हात कुणी पाहिले?

2) अन्न. ताटातून वाफ निघत असेल तर खावे. हॉटेलात सकाळपासून मांडून ठेवलेले कोमट पदार्थ दिसायला कितीही छान असले तरी नकोत. आपल्या घाटातले भाजलेले कणीस आणि कढईतून काढलेली भजी सहसा बाधत नाहीत, बाधते ती शेजारची ओली चटणी. परदेशातही तेच धोरण ठेवावे. कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे, न तापवलेले दूध टाळावे. केळे, संत्रे अशी आपल्या हाताने सोलायची फळे खुशाल खावीत.

3) हात. आपण हाताने जेवतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला दुप्पट लागू. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. हाताला चोळायचे औषध सोबत ठेवावे, पण साबण-पाणी मिळत असेल तर तेच वापरावे. पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर ते औषध नीट चालत नाही.

4) डॉक्टरांची गाठ. निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. विषमज्वराची आणि काविळीच्या 'अ' प्रकाराची लस घ्यावी का, हे देश पाहून ते सांगतील. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांच्या गोळ्या चालू असतील तर "जुलाब झाले तर या गोळ्यांचं काय करू?" हा प्रश्न आधीच विचारून, उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. अंगातले पाणी कमी झाले असता यांतल्या काही गोळ्या त्रास देतात.

शिदोरीविषयी एक शब्द. आपली लोणावळ्याची चिक्की, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू हे प्रवासाला उत्तम. पाकातली साखर आणि गूळ पाणी धरून ठेवतात, जंतूंना वाढायला मोकळे पाणी मिळत नाही. मुरांबा वर्षभर टिकतो तो याच कारणाने. मात्र ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला जाताना खाण्याच्या सगळ्या वस्तू तिथल्या अर्जावर लिहाव्यात. तिथे न सांगता नेलेल्या खाद्यपदार्थांबद्दल दंड होतो.

तरीही जुलाब लागले तर

एवढी काळजी घेऊनही कुणाचे ना कुणाचे पोट बिघडतेच. तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. जुलाबाने माणूस खंगतो तो अंगातले पाणी आणि मीठ गेल्यामुळे. पिकाला ताण बसला आणि पाण्याची पाळी बंद केली तर पीक वाचेल का? आबांनी पाणी बंद केले ते नेमके उलटे झाले. जितके जाते तितके आत गेले पाहिजे.

पण नुसते पाणी पुरत नाही, आणि इथेच आपली साखर येते. आतड्याच्या आतल्या बाजूला फार बारीक दारे असतात. त्यांतले एक दार असे आहे की त्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. एका बैलाने नांगर ओढत नाही, जोडी लागते, तसे समजा. जुलाबाच्या आजारात मिठाच्या इतर वाटा बिघडल्या तरी हे जोडीचे दार बहुतेक उघडे राहते. आपली साखर पोटात गेली की तिचे दोन भाग होतात, त्यांतला एक भाग ग्लुकोजचा. म्हणून साखर, मीठ आणि पाणी एकत्र दिले की अंगात पाणी मुरते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1960 मध्ये या जोडीच्या दाराचा विचार मांडला.

त्याची मोठी कसोटी आपल्याच देशात लागली. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीवरील बनगाव येथे पटकी पसरली. सलाईन संपत आले, रुग्ण जमिनीवर पडलेले. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधल्या, पाण्यात कालवल्या आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला सांगितले. आधी शंभरांत सुमारे तीस रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चाराच्या आत आले. डॉ. महालनबीस 2022 मध्ये वारले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आला.

मात्रा महत्त्वाची

सभासदांना खताची मात्रा नव्याने शिकवायला नको. युरिया जास्त पडला तर रोप करपते, कारण क्षार मुळातलेच पाणी ओढून घेतात. पोटातही तसेच होते. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर त्याहून वाईट, लहान मुलाच्या तर जिवावर बेतते. म्हणून माप चुकवू नये.

तयार पुडी मिळाली तर तीच उत्तम. 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार' असे लिहिलेली पुडी घ्यावी. मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची असते, ती पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. लहान पुडी 200 मिलिलिटरसाठी असते. पुडीवर लिहिलेले वाचावे. मोठी पुडी एका पेल्यात घालणे ही नेहमी होणारी आणि धोक्याची चूक आहे. सोपा उपाय म्हणजे एक लिटरची सीलबंद बाटली फोडावी, दोन घोट पिऊन जागा करावी आणि अख्खी पुडी तीत घालून हलवावी. दुकानात याच नावाने गोड पेये विकली जात. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये, सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हे नाव लिहायला मनाई केली. रंगीत खोक्याला भुलू नये.

पुडी नसेल तर घरगुती कृती अशी: एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलिलिटरचा. शीग काढून सपाट करायचा. करून झाल्यावर चव पाहावी. आसवांपेक्षा खारट लागले तर ते ओतून टाकून नव्याने करावे. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले फेकावे.

प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने पेलाभर प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने, घोटाघोटाने चालू करावे. याने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे आधी सांगून ठेवतो. जुलाब दोन-तीन दिवसांत बहुधा आपोआप थांबतात. तोपर्यंत माणूस उभा ठेवणे हे या पाण्याचे काम. उपास करू नये. मऊ भात, केळे, पेज चालते.

आता आपल्या मनातला प्रश्न. "साखरच द्यायची तर उसाचा रस का नको?" मोजून पाहा. घरगुती पाण्यात लिटरमागे 25 ते 30 ग्रॅम साखर असते. उसाच्या रसात ती 130 ते 150 ग्रॅम असते आणि बाटलीतल्या बहुतेक थंड पेयांत 100 ग्रॅमच्या आसपास. शिवाय मीठ नाममात्र. म्हणून धडधाकट असताना रस जरूर प्यावा, जुलाब लागले असता नाही. ऊस विकास अधिकाऱ्याने असे लिहावे हे काहींना रुचणार नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे.

डॉक्टरकडे केव्हा?

शौचातून रक्त पडणे, थंडी वाजून जोराचा ताप, काही केल्या न थांबणारी उलटी, सहा-आठ तासांत लघवी न होणे, डोळे खोल जाणे, गुंगी किंवा बडबड, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट भरमसाट जुलाब. यांतले एक जरी दिसले तरी घरगुती उपायावर विसंबू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा आणि वाटेतही पाणी पाजत राहावे. लहान मूल, गरोदर बाई, साठीपुढचा माणूस आणि मधुमेही यांच्या बाबतीत आणखी लवकर जावे. जुलाब थांबवायच्या गोळ्या रक्त किंवा ताप असताना घेऊ नयेत. शेजाऱ्याने दिलेली जंतुनाशक गोळीही आपल्या मनाने घेऊ नये. आणि लाजू नये. आमच्या तुकडीतल्या दोघांनी "उगाच दौऱ्याचा खोळंबा नको" म्हणून सकाळपर्यंत सांगितलेच नव्हते. दौऱ्याच्या प्रमुखाने रोज सकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे. तुकडीचा विमा काढलेला असावा आणि त्याचा कागद व फोन नंबर प्रत्येकाच्या खिशात असावा.

सोबत न्यावयाच्या वस्तू: ओआरएसच्या माणशी सहा मोठ्या पुड्या, पाच मिलिलिटरचा चमचा, साबणाची वडी, हाताला चोळायचे औषध, नेहमीच्या गोळ्या चिठ्ठीसह, थोडी चिक्की. पुड्या बॅगेच्या तळाशी नकोत, वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. आणि सोबतच्या प्रत्येकाला त्या कुठे आहेत ते ठाऊक असावे.

हे सारे परदेशासाठी लिहिले असले तरी पंढरीची वारी, लग्नाची पंगत, उन्हाळ्यात आटलेली विहीर यांनाही लागू आहे. आपल्या फडावर ऊसतोडीला येणारी कुटुंबेही घरापासून दूर, परक्या पाण्यावरच राहत असतात. त्यांच्या कोपीवर स्वच्छ पाण्याचा पिंप आणि चार पुड्या पोचवणे कुठल्याही सभासदाला जड नाही.

आबा सुखरूप परतले, हे सांगायचे राहिले. मागच्या आषाढात ते वारीला निघाले तेव्हा आमच्याकडे येऊन दिंडीसाठी पन्नास पुड्या मागून नेल्या. जाताना आम्हालाच विचारले, "साहेब, एक पुडी किती पाण्यात?" आम्ही म्हणालो, "एक लिटर." आबा हसले. "बरोबर. या वेळी तुम्ही विसरला नाहीत."

आता आमचा नियम असा की, दौऱ्याला निघणाऱ्या प्रत्येक तुकडीने आधी एक दिवस गट कार्यालयात यावे. पासपोर्ट, पैसे, कपडे यांची चर्चा होईलच. पण पहिली दहा मिनिटे एक लिटर पाणी, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ यांची. प्रत्येकाने आपल्या हाताने करून, चव घेऊन मगच निघायचे.



आपला,
ऊस विकास अधिकारी